आधी गाणं ऐक, मग कॅमेरा काढ!

डब्लिन, कॉर्क, किलकेनी... आयर्लंडमधली विशी-बाविशीतली पोरं आपल्याच वयाच्या नवख्या गायकांचे म्युझिक व्हिडिओ करतायत. त्यांच्या मागे एक मेंटॉर उभा असतो. तो करतो काय? बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो!

हा व्हिडिओ तुम्ही पाहिलेला असणार. ब्लॅक अँड व्हाइट. एकमेकांच्या प्रेमात पडलेले दोन तरुण, साखळी गुंडाळलेली एक पेटी आणि तोंडं झाकून अंगावर येणारा जमाव. होझिअरचं 'टेक मी टू चर्च'. पहिल्यांदा बघितल्यावर लगेच पुढचं गाणं लावायला हात उचलत नाही. आणि गंमत बघा, ज्याचं गाणं तो होझिअर स्वतः अख्ख्या व्हिडिओत कुठेच नाही!

सप्टेंबर २०१३ मध्ये हा व्हिडिओ आला तेव्हा होझिअर कोण, हे आयर्लंडबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. डब्लिनजवळच्या ब्रे गावचा विशीतला पोरगा, आई-बाबांच्या घराच्या माळ्यावर डेमो रेकॉर्ड केलेला, पाठीशी एक छोटी आयरिश कंपनी. व्हिडिओ केला कॉर्कमधल्या दोघांनी. ब्रेंडन कँटी आणि कोनल थॉमसन. 'फील गुड लॉस्ट' ही त्यांची टीम. शूटिंग तिथेच, कॉर्कच्या आसपास. बजेट म्हणाल तर आपल्याकडच्या प्री-वेडिंगवाल्यानं हसून कॅमेरा बॅगेत टाकावा, इतकं! रशियात त्या वर्षी समलिंगी लोकांविरुद्ध जे चाललं होतं, ते या दोघांनी चार मिनिटांत आणलं. व्हिडिओ इंटरनेटवर पसरला आणि गाणं त्याच्यामागोमाग जगभर गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये ग्रॅमीच्या नॉमिनेशनपर्यंत.

हे उदाहरण मला पाठ झालंय, कारण गेल्या वर्षी डब्लिनमध्ये मी तीन आठवडे होते आणि म्युझिक व्हिडिओचा विषय काढला की प्रत्येक जण इथूनच सुरुवात करत होता. आणि लगेच दुसरं वाक्य : 'पण प्लीज, तसलंच काही करायला येऊ नका!'

तिकडे माझी मावसबहीण असते. आयटीमध्ये. आयर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते असंच, कुणाची तरी ताई, कुणाचा तरी दादा, डब्लिनमधलं घरभाडं ऐकून भारतात बसलेल्या आईला येणारी चक्कर. तिच्या ऑफिसमधल्या एका आयरिश मुलाची थोरली बहीण म्युझिक व्हिडिओ डायरेक्ट करायची. आता जाहिराती करते आणि वर्षातले काही महिने नव्या पोरांना मेंटॉरिंग. हे ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. 'ये की बघायला,' ती म्हणाली. अट एकच, कुणाचंच नाव छापायचं नाही, नाहीतर पोरं मोकळेपणी भांडणार नाहीत.

भांडणार नाहीत! मी तेव्हाच ओळखलं की इथे मजा येणार आहे.

अकरा पानं आणि एक ड्रोन

जोडी लावून देणं, ही मेंटॉरिंगची पहिली पायरी. एक नवा डायरेक्टर, एक नवा गायक किंवा बँड. दोघांचंही आजवर काहीही गाजलेलं नाही. मी पाहिलेल्या जोडीत पोरगा एकोणीस वर्षांचा, फिल्मच्या कोर्सला. मुलगी बावीसची. स्वतः लिहिते, स्वतः गाते, दिवसा एका कॅफेत कॉफी करते. तिनं साठवलेले चारशे युरो, म्हणजे आपले चाळीसेक हजार रुपये, आणि स्कीममधून मिळालेला कॅमेरा. एवढ्यात सगळं बसवायचं.

गाणं तिच्या धाकट्या बहिणीबद्दल. बहीण ऑस्ट्रेलियाला निघून गेली, एवढीच गोष्ट. आयरिश माणसासाठी ही गोष्ट किती जुनी आहे ते काय सांगायचं! दुष्काळाच्या काळापासून या देशातली पोरं बोटीत बसून जात आली आहेत. आता विमानात बसतात, सिडनी-मेलबर्नला. कारणं वेगळी, घराची भाडी त्यातलं मोठं कारण. मागे राहिलेल्या घराचं चित्र मात्र ओळखीचं. नागपूर-सोलापूरच्या आई-बाबांनाही ते समजेल.

तर पोरानं ट्रीटमेंट आणली. ट्रीटमेंट म्हणजे गाण्यावर तुम्ही काय दाखवणार याचा कागद, सोबत चार फोटो, रंग कसे असतील त्याची कल्पना. साधारण एक-दोन पानांत आटपायचा मामला. याची अकरा पानं! त्यात विमानतळ, त्यात धावपट्टी, त्यात बहिणीच्या रोलसाठी नटी, तिचे अश्रू, पावसात भिजणारी गायिका आणि शेवटी मोहेरच्या कड्यांवरून समुद्राकडे झेपावणारा ड्रोन. मोहेरचे कडे म्हणजे क्लेअर काउंटीतले ते जगप्रसिद्ध उंच कडे. आयर्लंडचं गेटवे ऑफ इंडिया समजा.

मेंटॉरनं अकरा पानं शांतपणे वाचली. मग विचारलं, 'गाणं किती वेळा ऐकलंस?'

'पाच-सहा.'

'चाळीस वेळा ऐक. त्यातले दहा वेळा नुसते शब्द, दहा वेळा नुसतं ड्रम. डोळे मिटून. मग ये.'

बस. पहिलं सेशन संपलं! मी घड्याळ पाहिलं तर जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती.

मला वाटलं होतं मेंटॉर म्हणजे लेन्स कुठली लावायची, लाइट कुठून मारायचा असलं काही शिकवणारा माणूस. ते ती शिकवतेच. पण आजच्या पोरांना कॅमेरा शिकवावा लागत नाही, असं तिचं म्हणणं. ते सगळं त्यांनी नववीतच यूट्यूबवर उरकलेलं असतं. त्यांना जमत नाही ते टाकून देणं. दहा आयडिया असतात, दहाही बऱ्या असतात, नऊ टाकायच्या असतात. आणि गाणं साडेतीन मिनिटांत संपतं.

पुण्यात कॉलेजात असताना ज्यांनी 'पुरुषोत्तम'च्या तालमी केल्यात त्यांना हे पटेल. तिथेही पासआउट झालेला कुणीतरी दादा रात्री साडेदहाला येऊन कोपऱ्यात बसायचा आणि तुमची सगळ्यात लाडकी एंट्री कापायला लावायचा. राग यायचा. कापल्यावर एकांकिका सुटसुटीत व्हायची, मग आणखी राग यायचा.

चिपमंक आणि टाळी

थोडं टेक्निकल. कंटाळा येणार नाही, प्रॉमिस.

सिनेमात आवाज शूटिंगच्या वेळी पकडायचा असतो. म्युझिक व्हिडिओत उलटं, आवाज आधीच तयार असतो आणि चित्र त्याच्यामागे धावतं. सेटवर स्पीकर लावून गाणं वाजवायचं, गायकानं त्यावर ओठ हलवायचे, कॅमेऱ्यावर क्लॅप द्यायचा म्हणजे एडिटला तीच टाळी पकडून चित्र आणि गाणं जुळवता येतं. ओठ नुसते हलवले की लगेच कळतं बरं का! गळ्याच्या शिरा खोटं बोलत नाहीत. म्हणून मेंटॉरचा नियम : स्पीकर मोठ्यानं लाव आणि खरंच गा, कुणी ऐको न ऐको.

आणि ती स्वप्नातल्यासारखी स्लो मोशन, ज्यात गायक मात्र बरोब्बर शब्दांवर ओठ हलवत असतो? त्याचा फंडा भन्नाट आहे. गाणं सेटवर दुप्पट वेगानं वाजवतात. गायक दुप्पट वेगानं गातो. कॅमेरा सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास फ्रेम टिपतो. नंतर ते निम्म्या वेगानं चालवलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात, पण केस, कपडे, पाऊस सगळं तरंगत राहतं. पडद्यावर एकदम काव्य! सेटवर मात्र चिपमंकसारख्या किरट्या आवाजात गाणं चाललेलं असतं आणि आजूबाजूची मंडळी हसू दाबत उभी.

बाकीची कामं बोअर आणि अत्यावश्यक. रस्त्यावर शूट करायचं तर डब्लिन महापालिकेची परवानगी आणि विमा. फ्रेममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची सही. टीममध्ये अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर मेंटॉरची आधी पोलिसांकडून तपासणी. तिकडे पोलिसांना 'गार्डा' म्हणतात आणि २०१६ पासून हे कायद्यानं सक्तीचं आहे. त्याशिवाय मुलांसोबत काम करता येत नाही. आपल्याकडच्या समर कॅम्पवाल्यांनी ऐकावं असं.

आणि उजेड! डब्लिन इतकं उत्तरेला आहे की डिसेंबरात जेमतेम साडेसात तास दिवस असतो. जूनमध्ये तोच सतरा तास. हिवाळ्यात बाहेरचं शूट ठेवलं आणि जेवायला तासभर घालवला की दिवसाचा मोठा तुकडाच गेला. आयरिश क्रू उभ्या उभ्या सँडविच खातात ते उगीच नाही.

ताईच्या ऑफिसखालचा बार्ज

ताईचं ऑफिस ग्रँड कॅनल डॉकच्या भागात. गुगलचं युरोपचं मुख्यालय तिथेच, बाकीच्या मोठ्या कंपन्याही आसपास. काचेच्या इमारती, दुपारी लॅपटॉप बॅगा लटकवलेली गर्दी, बारा भाषा. आपल्या हिंजवडीला पाणी आणि फुटपाथ दिले तर कसं दिसेल, तसं. (स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत!)

१९८१ मध्ये इथे ओसाड गोदी होती. एमटीव्ही अमेरिकेत नुकतंच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं. डब्लिनमधल्या चार पोरांच्या एका बँडनं या पाण्यात उभ्या असलेल्या बार्जवर चढून 'ग्लोरिया' नावाचं गाणं वाजवलं आणि माइर्ट एव्हिस या आयरिश डायरेक्टरनं ते शूट केलं. बँडचं नाव यूटू. पुढे १९८७ मध्ये याच एव्हिसनं लॉस एंजेलिसमध्ये दुकानाच्या छपरावर त्यांना वाजवायला लावून ट्रॅफिक जॅम केला. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. त्या व्हिडिओला १९८९ चं ग्रॅमी मिळालं. पोरं एकत्र मोठी झाली, कॅमेऱ्यापुढची आणि मागचीही.

दुसरी जोडी आणखी मजेशीर. जॉन कार्नी १९९० ते ९३ 'द फ्रेम्स' या डब्लिनच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा आणि त्यांचे व्हिडिओही करायचा. बँड सोडला, सिनेमाकडे गेला. आणि २००६ च्या जानेवारीत सतरा दिवसांत, दीड लाख युरोपेक्षाही कमी पैशांत एक सिनेमा शूट केला. हीरो म्हणून घेतलं आपल्याच जुन्या बँडच्या गायकाला, ग्लेन हॅन्सार्डला. तो सिनेमा म्हणजे 'वन्स'! २००८ मध्ये त्यातल्या 'फॉलिंग स्लोली'ला ऑस्कर.

कार्नीनंच २०१६ मध्ये 'सिंग स्ट्रीट' केला. पाहिला नसेल तर या वीकेंडला बघाच. १९८५ चं डब्लिन, घरात पैशांची चणचण. शाळकरी पोरगा एका मुलीला इम्प्रेस करायला थाप मारतो, 'आमच्या बँडच्या व्हिडिओत काम करशील?' ती हो म्हणते. आता बँड काढायला लागणार! मग गल्लीत, विचित्र कपडे घालून, पोरं आपला पहिला व्हिडिओ शूट करतात. त्यात एक मेंटॉरही आहे. पोराचा थोरला भाऊ. दिवसभर घरी पडलेला, स्वतःला काहीच करता न आलेला, पण धाकट्याची टेप ऐकून त्यात काय खोटं आहे ते अचूक सांगणारा. मला हा रोल सिनेमातला सगळ्यात भारी वाटला. आमच्या मेंटॉरला हे सांगितलं तर ती म्हणाली, 'फक्त मी सिगारेट सोडली.'

रेकॉर्डिंग रूममध्ये दहा वर्षांची पोरं

हे सगळं योगायोगानं होतं असं समजू नका. आयर्लंड छोटा देश. लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. पण पोरांच्या हातात कॅमेरा आणि माइक देण्याची व्यवस्था बऱ्याच गावांत आहे.

किलकेनीचं 'यंग आयरिश फिल्म मेकर्स' १९९१ पासून चालतंय, शाळकरी मुलांना सिनेमा करायला शिकवतं. टॉम मूर हा त्यांच्याकडेच येणाऱ्या मुलांपैकी एक. त्यानं मित्रांबरोबर १९९९ मध्ये त्याच गावात 'कार्टून सलून' स्टुडिओ काढला. 'सिक्रेट ऑफ केल्स'पासून 'वुल्फवॉकर्स'पर्यंत त्यांच्या पहिल्या चारही मोठ्या ॲनिमेशन फिल्म्सना ऑस्करची नॉमिनेशन्स आहेत. संगीताच्या बाजूला 'म्युझिक जनरेशन'. २०१० मध्ये यूटूनं पन्नास लाख युरो आणि 'आयर्लंड फंड्स'नं वीस लाख युरो दिले, त्यातून ठिकठिकाणी मुलांना संगीत शिकवायला सुरुवात झाली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कॉनमारातली. तिथे इन्व्हरिन गावात 'कोलाइश्ट लुर्गन' नावाची उन्हाळी शाळा आहे. मुलं तिथे आयरिश भाषा शिकायला येतात. आता सुट्टीत भाषेच्या क्लासला पाठवलं तर पोरांची तोंडं कशी होतील, सांगायला नको! पण या शाळेनं काय केलं, पॉप गाणी आयरिशमध्ये करून मुलांकडून गाऊन घेतली आणि त्यांचे झकास व्हिडिओ काढले. २०१३ मध्ये आव्हीचीच्या 'वेक मी अप'चं त्यांचं आयरिश रूप लाखो लोकांनी पाहिलं. त्या मांडवातूनच 'शो लिन' नावाचा बँड बाहेर पडला, जो आयरिशमध्ये गातो. मराठी शाळा वाचवायच्या परिसंवादांना मी बऱ्याचदा गेलेय. तिथे अजून कुणी ड्रमसेट आणलेला पाहिला नाही.

आणि कॉर्क. शहराच्या उत्तरेकडचा नॉकनाहीनी हा कामगारवस्तीचा भाग. पेपरात त्याचं नाव यायचं ते चांगल्या कारणासाठी क्वचितच. तिथे गॅरी मॅकार्थी हा म्युझिशियन 'कॅबिन स्टुडिओ' चालवतो. आसपासची मुलं येतात, रॅप लिहितात, रेकॉर्ड करतात. २०२४ मध्ये तिथल्या आणि क्लेअरमधल्या लिस्डूनवार्नाच्या मुलांनी मिळून 'द स्पार्क' नावाचं गाणं केलं. निमित्त होतं सरकारी बालकलादिनाचं. त्या गाण्यानं टिकटॉकवर अक्षरशः धुमाकूळ घातला. दहा-बारा वर्षांची पोरं, कॉर्कच्या ठसक्यात, कुणाचीही नक्कल न करता. बघितल्याशिवाय कळणार नाही.

सुरुवातीला सांगितलेला ब्रेंडन कँटी आठवतोय ना? त्यानं पुढे याच नॉकनाहीनीत आपला पहिला मोठा सिनेमा केला, 'क्रिस्टी'. त्यात कॅबिनची मुलं आहेत. २०२५ च्या बर्लिन फेस्टिव्हलमध्ये चौदा वर्षांवरच्या तरुण प्रेक्षकांसाठीच्या 'जनरेशन' विभागात त्याला ज्युरीचं सर्वोच्च बक्षीस मिळालं.

'माझी बहीण रडली नव्हती'

परत आपल्या जोडीकडे येऊ. कारण तिथे लागली होती आग.

चाळीस वेळा गाणं ऐकून पोरानं ट्रीटमेंट दोन पानांवर आणली होती. ड्रोन गेला. विमानतळ गेला (परवानगी मिळणार नव्हतीच). पण नटी राहिली आणि तिचे अश्रूही राहिले. शूट झालं. दोन दिवस, सहा माणसं. रफ कट बघायला सगळे जमले तेव्हा मीही होते. छोटी खोली, हीटर घरघरतोय, बिस्किटांचा पुडा फुटलेला.

चित्र सुंदर होतं. खरंच. नटी गुणी, डोळ्यांतून पाणी अगदी ठरल्या शब्दाला. संपल्यावर आम्ही दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

गायिका काहीच बोलेना. मग म्हणाली, 'हे माझं गाणं नाहीये.'

पोरगा लालबुंद. 'पण शब्द तर...'

'माझी बहीण रडली नव्हती. ती हसत गेली. खिदळत. मला बाय करून, मोबाईलवर बोलत बोलत. म्हणून तर मी गाणं लिहिलं!'

खोलीत शांतता. पोरानं मेंटॉरकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिचा अनुभव पंधरा वर्षांचा, एका वाक्यात निकाल लावता आला असता. आणि खरं सांगू? ती काय करायला हवं ते तिथल्या तिथे सांगेल अशीच माझी अपेक्षा होती. तिनं काय केलं, तर बिस्किट उचललं आणि गायिकेला विचारलं, 'ती गेल्यावर तू काय केलंस? त्या दिवशी. घरी येऊन.'

'काही नाही. तिची गादी काढली. चादर धुवायला टाकायची होती. आईनं सांगितलं होतं.'

'मग?'

'मग धुतल्यावर घडी घालत होते. ती मोठी चादर आहे, डबल बेडची. आम्ही दोघी मिळून घालायचो. एकटीला येत नाही. खाली लोळते.'

पोरगा हळूच वही काढून लिहायला लागला.

बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, तुला तेव्हाच सुचलं होतं ना? ती म्हणाली, 'मला काहीतरी वेगळं सुचलं होतं. चादरीपेक्षा वाईट.' आणि मग थोडं थांबून, 'मी सांगितलं असतं ना, तर त्यानं ऐकलं असतं. तोच प्रॉब्लेम आहे.'

हातात उरले होते साठ युरो आणि कॅमेरा परत करायला एक दिवस. त्या दिवशी ते गायिकेच्या घरी गेले. आई कामावर. बहिणीची खोली, म्हणजे एक खिडकी, एक पलंग, भिंतीवर पोस्टर काढल्याचे चार डाग. लाइट म्हणून खिडकी, ती पावणेचारलाच मावळायला लागली. गायिकेनं गायचं आणि चादरीची घडी घालायची. एकच शॉट, मध्ये कट नाही. पहिल्या टेकला घडी खूपच नीट झाली. दुसऱ्याला हसायला आलं. तिसऱ्याला स्पीकरची बॅटरी गेली. चौथ्या टेकमध्ये एक टोक हनुवटीखाली धरून, दुसरं पायात घेऊन ती गात राहिली, आणि शेवटच्या कडव्याला चादर सुटली तेव्हा ती खरंच हसली. बहिणीसारखी, असं तिचं म्हणणं.

नटीचं काम सगळं कापलं गेलं. तिला फोन करून सांगणं हे डायरेक्टरचं काम, तेही मेंटॉरनं त्याच्याकडूनच करून घेतलं. त्या फोनच्या आधी पोरगा अर्धा तास गल्लीत फेऱ्या मारत होता म्हणे!

चहा-बिस्किटांवर किती दिवस?

आता जरा कडू. या सहा माणसांपैकी पैसे कुणाला मिळाले? कॅमेरामनला येण्याजाण्याचा खर्च, नटीला थोडं मानधन. बाकीच्यांना पिझ्झा. नव्या गायकाकडे पैसे नसतात, नव्या डायरेक्टरकडे नसतातच, आणि 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य डब्लिनमध्येही तितकंच लोकप्रिय आहे जितकं अंधेरीत. ज्यांचे आई-बाप घरभाडं भरतात ती पोरं फुकट काम करू शकतात. बाकीची कॅफेत कॉफी करतात. मेंटॉरिंगच्या स्कीमला खरी किंमत आहे ती इथे, कॅमेरा, विमा आणि मेंटॉरचा वेळ यांचे पैसे कुणीतरी भरतं म्हणून कॅफेवाली पोरंही आत येऊ शकतात. आणि हे पैसे आले नाहीत की आधी बंद पडतं ते हेच.

आयरिश सरकारनं एक धाडस मात्र केलंय, ते सांगायलाच हवं. २०२२ मध्ये त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन हजार कलाकार निवडले आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. बदल्यात फारसं काही मागितलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात बजेट मांडताना ही कल्पना पुढे कायम ठेवायचंही जाहीर झालं. पण अर्जदार कितीतरी जास्त होते, आणि चिठ्ठी निघाली नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या मेंटॉरची चिठ्ठी निघाली नव्हती. ती सकाळी दह्याची जाहिरात करते आणि संध्याकाळी पोरांची ट्रीटमेंट वाचते. दह्याबद्दल तिला लाज नाही. 'दही मला दोन संध्याकाळी देतं,' असं तिचं गणित.

चादरीचा व्हिडिओ आता बाहेर आलाय. मी निघाले तोपर्यंत त्याला हजारभर व्ह्यूज झाले होते, म्हणजे काहीच नाही. पण ऑस्ट्रेलियातून बहिणीची कॉमेंट आली होती, ती चादर तिचीच होती आणि आता ती कुणी वापरायची नाही, अशी धमकी! आणि पोराला एका चौघांच्या बँडचा फोन आला. व्हिडिओ आवडला, आमचाही करशील का? तो उड्या मारत मेंटॉरकडे आला. बँडनं स्वतःची ट्रीटमेंटही पाठवली होती. सात पानं. पहिल्याच पानावर मोहेरचे कडे, वरून ड्रोन.

'तू काय म्हणालास त्यांना?' मेंटॉरनं विचारलं.

'म्हटलं, आधी गाणं पाठवा.'

तिनं मान डोलावली आणि दह्याचं एडिट बघायला निघून गेली.